एकेचाळिसावं नाव

सोमवार, ३

सत्कार फुकट होतो असं ज्याला वाटतं, त्याचा कधी झालेला नसतो. येत्या २१ तारखेचा माझा सत्कार मला आजपर्यंत पडला तो असा: आठ कर्णे, दोन अॅम्प्लिफायर आणि ते जोडायला माझी दोन माणसं, सगळं समितीला विनामूल्य. समितीच्या सचिवांचा टीव्ही दोनदा दुरुस्त, दुसऱ्यांदा त्यात काही बिघडलेलंच नव्हतं. मानपत्राचा मजकूर त्यांच्या तोंडून चार वेळा ऐकणं, दर वेळी चहा माझा. बदल्यात मला ते मानपत्र चौकटीत घालून मिळणार. चौकटीची काच मीच आणावी, असं आज त्यांनी सुचवलं. "तुमच्या ओळखी आहेत ना!" निवृत्त मुख्याध्यापक आहेत, दुसऱ्याकडून काम करून घ्यायची सवय जात नाही.

२१ तारीख म्हणजे लढाईत कैद झालेल्या आणि बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या आठवणीचा दिवस. यंदा नगरपालिकेच्या आवारात दगड बसणार, त्यावर आपल्या भागातली नावं कोरणार, आणि ती नावं मोठ्याने वाचायचा मान मला. मलाच का, हे इथे लिहून ठेवतो. म्हणजे मी गेल्यावर ही वही कोणी रद्दीत घालण्याआधी निदान एवढं तरी वाचेल.

चाळीस वर्षांपूर्वी मी तेवीस वर्षांचा होतो, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला. लढाई थांबून दोन महिने होत आले, तेव्हा पलीकडच्यांचा रेडिओ रोज संध्याकाळी सात वाजता पकडलेल्या सैनिकांची नावं वाचायला लागला. आवाज इतका बारीक की साध्या रेडिओवर नुसती खरखर. मी एक जुना संच खोलून, तार गच्चीवर नेऊन, कानांना हेडफोन लावून बसायचो. ऐकू यायचं ते फक्त मला. दुकानासमोर गर्दी, सगळ्यांचे डोळे माझ्या पेन्सिलीवर. सात संध्याकाळी मी ऐकलं. आपल्या भागातलं नाव आलं की वहीत उतरवायचं आणि त्याच्या घरी पोस्टकार्ड टाकायचं. एकेचाळीस घरांना त्यांचा माणूस जिवंत असल्याचं पहिल्यांदा कळलं ते माझ्या अक्षरात. त्या नावावर पुढे गिऱ्हाईक आलं, गिऱ्हाइकावर दुकान आलं, दुकानावर दुसरं दुकान. वडिलांनी मला दिलं काय, तर दोन कान. बाकी सगळं मी केलं.

आणखी एक. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त लष्करी अधिकारी रेडिओ घ्यायला आले होते, ते म्हणाले, "तुम्हीच का ते? लष्कराच्या कागदांत उल्लेख आहे तुमचा." हे मानपत्रात घालायला सांगितलं: 'ज्यांचे नाव लष्कराच्या दप्तरी नोंदलेले आहे.' खरं आहे, मग लाजायचं कशाला?

ही म्हणाली, "एवढे तिखट कान, आणि मी हाक मारलेली तेवढी ऐकू येत नाही."

बुधवार, ५

दुपारी वहिनी आल्या. वहिनी म्हणजे लांब्याची बायको. लांब्या हा शिंप्याचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. नापास होत होत माझ्या वर्गात आला आणि पुढच्या बाकावर बसून फळा अडवायला लागला. लग्नाला आठ महिने झाले आणि तो लढाईवर गेला. वहीतलं एकेचाळिसावं नाव त्याचं. बाकीचे वर्षा-दीड वर्षात सुटून आले, तो आला नाही. सासरे गेले, मग सासू गेली. वहिनींनी शिलाईचं दुकान एकटीने चालवलं. शाळेचे गणवेश शिवतात. गावातल्या दोन पिढ्यांची गुडघ्याची भोकं त्यांनी बुजवली आहेत.

"भाऊजी, गिऱ्हाईक असेल तर नंतर येते."

"तुमच्यापुढे गिऱ्हाइकाची काय बिशाद! बसा."

त्यांच्याकडे माजी सैनिकांच्या कचेरीचं पत्र होतं. आपले काही अधिकारी पलीकडे जाणार आहेत. जे जिवंत पकडले गेल्याचा पुरावा आहे आणि जे परत आले नाहीत, त्यांच्याबद्दल समोरासमोर बसून विचारणार आहेत. प्रत्येकाच्या घरचं एक माणूस बरोबर नेणार. लांब्याच्या बाबतीत पुरावा म्हणजे मी. जुनं निवेदन जीर्ण झालंय, म्हणून शपथेवर नवीन हवं.

"पासपोर्टसुद्धा काढला मी," वहिनी म्हणाल्या. "फोटोवाला म्हणाला, आजी, हसू नका. म्हटलं, अरे, मी हसले कुठे, तोंडच असं आहे."

मी म्हटलं, वाटेल तेवढ्या सह्या करतो.

"एक विचारू? तो वाचणारा माणूस नेमकं काय म्हणाला होता? सासूबाई सांगायच्या, पण रोज वेगळं सांगायच्या."

मी सांगितलं. नाव, हुद्दा, नंबर. त्यांची नजर माझ्या तोंडावरून हलेना, तेव्हा आणखी थोडं सांगितलं: "प्रकृती बरी आहे, घरच्यांनी काळजी करू नये."

"हे सासूबाई कधी बोलल्या नाहीत."

"म्हातारं माणूस. विसरल्या असतील."

त्या दुकानाची पायरी उतरल्या त्या एखाद्या मुलीसारख्या, कठड्याला हात न लावता. एका माणसाला बरं वाटलं, दिवस सत्कारणी लागला. मात्र संध्याकाळी जेवण गेलं नाही. गोदामाला नवीन रंग दिलाय, त्याच्या वासाने असेल.

गुरुवार, ६

रंगवाल्याला झापलं. तो म्हणाला, या रंगाला वासच नसतो.

रविवार, ९

सचिवांना मूळ वही हवी आहे, काचेच्या पेटीत ठेवायला. माळ्यावरून काढली. मला वाटलं होतं फाटली असेल, पण चांगली धडधाकट आहे. चाळीस नावं पेन्सिलीने, गिचमिड, प्रत्येकापुढे वेळ. सात वाजून चार मिनिटं. सात वाजून अकरा. मध्येच 'खरखर', 'पुन्हा वाचलं', 'गाव नीट कळलं नाही, उद्या विचारणे.' एकेचाळिसावं शाईने, सुवाच्य.

ही पाठीमागून बघत होती. "याच्यापुढे वेळ का नाही हो?"

"पेन्सिल मोडली होती."

"मी वेळेचं विचारलं."

"तू आधी गॅस बघ."

गॅस बंदच होता. ती आत निघून गेली. पस्तीस वर्षांच्या संसारात मी तिच्यावर आवाज चढवल्याचे प्रसंग बोटांवर मोजण्यासारखे आहेत, आणि दर वेळी चूक माझी होती असं तिचं म्हणणं आहे.

सोमवार, १०

लिहूनच टाकतो. वही माझी, कुलूप माझं.

ते नाव आलं नव्हतं.

लांब्याची आई, आम्ही तिला मावशी म्हणायचो, सातही संध्याकाळी आली होती. साडेसहालाच येऊन दारातल्या रिकाम्या खोक्यावर बसायची. बाकीची माणसं ओरडायची, ढकलायची, ही नुसती माझ्याकडे बघायची. रोज शेवटी विचारायची, "आलं का रे?" रोज मी मान हलवायचो. सहाव्या दिवशी माझी मान तिच्याकडे वळेना.

सातव्या दिवशी निवेदकाने सांगितलं की यादी संपली. मग वाद्यं सुरू झाली. हेडफोन माझ्या कानांवर होते. बाहेर कोणाला काही कळत नव्हतं. गर्दीत कोणीतरी आकडा मोजत होतं, "चाळीस झाले, चाळीस!" त्या दिवशी एकही नवीन नाव मिळालं नव्हतं आणि लोक परतायच्या बेतात होते. मावशी म्हणाली, "आलं का रे?"

मी म्हटलं, "आलं, मावशी."

आजवर मी स्वतःला सांगत आलो की दयेने बोललो. दया होती, नाही असं नाही. पण दया अर्धीच. उरलेलं अर्धं असं की लोक निघाले होते, आणि लोकांनी माझ्याकडे बघणं उद्यापासून बंद होणार होतं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा कोणी बघत होतं. मी ते दोन शब्द बोललो आणि लोकांनी मला दुकानाबाहेर काढून खांद्यावर घेतलं. मावशीने माझे दोन्ही हात घेऊन स्वतःच्या तोंडावर दाबले. हात ओले झाले ते मी विजारीला पुसले, हेही आठवतं.

सकाळी जाऊन खरं सांगायचं ठरवलं होतं. सकाळी दुकानाबाहेर सहा रेडिओ दुरुस्तीला येऊन बसले होते. दुपारी लष्करी कचेरीचा माणूस आला, त्याने विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मग वहीत शाईने लिहिलं. एकदा शाईने लिहिलं की माणसाचा स्वतःचाही विश्वास बसायला लागतो.

बुधवार, १२

काहीतरी मधला मार्ग निघेल म्हणून सचिवांकडे गेलो. म्हटलं, मानपत्रात 'एकेचाळीस' ऐवजी 'सुमारे चाळीस' म्हणा.

"छे छे! सुमारे म्हणजे अंदाजपंचे. एकेचाळीस कसं ठसठशीत वाटतं. चाळीस म्हटलं की लोकांना वाटतं, याने मोजलेच नाहीत."

म्हटलं, मग कार्यक्रमाला मला ताप आला तर?

"कर्णे येतील ना पण?"

परत येताना स्वतःची समजूत घालत होतो. मावशी त्या दोन शब्दांवर सोळा वर्षं जगली. ताठ चालायची, कोणी विचारलं तर "माझा कैदेत आहे, येईल" म्हणायची. नसतं सांगितलं तर महिन्याभरात गेली असती. म्हणजे सोळा वर्षं मी दिली की नाही? कोपऱ्यावर वळलो तर समोर वहिनींचं दुकान. त्या मशीनवर वाकल्या होत्या. मी दुसऱ्या रस्त्याने आलो. गाव लहान असलं तरी आड रस्ता सापडतोच. मी चाळीस वर्षं त्याच रस्त्यांनी जातोय, हे आज ध्यानात आलं.

गुरुवार, १३

हिला सांगितलं. सकाळी, भाजी निवडताना. वाटलं रडेल, ओरडेल. तिने निवडणं थांबवलं नाही.

"मला कशाला सांगताय?"

"मग कोणाला?"

"मी चाळीस वर्षं थांबलेय का कोणासाठी? जी थांबलीय तिला सांगा."

"तिचं काय होईल?"

"आजवर काय झालं ते दिसलं नाही वाटतं." मग थोड्या वेळाने, "आणि त्या मानपत्राची काच आणू नका. उगीच फुटायची."

सोमवार, १७

चार दिवस काही लिहिलं नाही, लिहिण्यासारखं केलं नाही म्हणून. आज गेलो.

वहिनी मशीनवर होत्या, गणवेशाच्या बाह्या जोडत. "या भाऊजी. बरे आलात, तुमच्या निवेदनाला उद्या दहाची वेळ दिलीय." मी उभाच राहिलो. स्टुलावर कापडं होती, ती उचलून बसायची हिंमत झाली नाही.

सांगितलं. मध्ये थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर खोकलो असतो, आणि खोकल्यावर दुसरंच काहीतरी बोललो असतो.

त्यांनी हातातली बाही शेवटपर्यंत शिवली, दोरा तोडला.

"यादी संपल्यावर काय लागलं होतं?"

"वाद्यं. कसलीतरी."

"म्हणजे तो माणूस काहीच म्हणाला नाही."

"नाही."

"मग 'प्रकृती बरी आहे' हे कोण म्हणालं? 'काळजी करू नये' हे?"

"मी."

"तेव्हा?"

"नाही. परवा. दुकानात."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की खिडकीतून उडी मारावी, पण दुकान तळमजल्यावर आहे. "बारा दिवस झाले भाऊजी. बारा दिवस मी सकाळी उठल्यावर पहिलं ते म्हणतेय. चाळीस वर्षं जुन्यावर चालवलं होतं, तुम्ही नवीन आणून दिलंत."

मग त्यांनी फळीवरून मापांची वही काढली. लांब्याचं पान अजून आहे. उंची, छाती, बाही एकदाच लिहिलेली. पोटाच्या मापाखाली आकड्यांची लांबलचक रांग, प्रत्येक आकडा खोडून त्याखाली थोडा वाढवलेला.

"चाळिशीनंतर दरवर्षी अर्धं बोट वाढवत गेले. कैदेत खायला काय देतात कोण जाणे, पण वयाने सुटतंच की. आल्यावर अंगाला लागेल असं काहीतरी हवं ना घालायला." वही मिटली. "ह्यांचा काही पत्ता लागेना, तेव्हा माझ्या भावाने एक स्थळ बघितलं होतं. शाळामास्तर होते. मला बघायला आले तेव्हा माझ्यापेक्षा तेच घाबरले होते. मला आवडले होते. माहेरी जाऊन हो म्हणून आले, आणि घरी पाऊल टाकलं तर सासूबाई म्हणाल्या, अगं, त्याचं नाव आलंय."

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"ते आज नको. ते मला ठेवायला जागा नाही." त्या पुन्हा मशीनकडे वळल्या. "उद्या दहाला या. शपथेवर सांगायचंय ना, तिथेच सांगा. आजवर सगळ्या गावाला तुम्ही ऐकून सांगितलंत. उद्या तुम्ही बोला, मी ऐकते."

मंगळवार, १८

कचेरीतली बाई तरुण, चष्मेवाली, नीटनेटकी. मी बोललो ते तिने टाइप केलं, मग हात थांबवून विचारलं, "म्हणजे तेव्हा खोटं बोललात, की आता?"

"तेव्हा."

"याला काही पुरावा?"

खोटं बोललो तेव्हा अख्खं गाव साक्षीला होतं, खांद्यावर घेऊन. खरं बोलायला आलो तर कोणी नाही. मी वही पुढे केली, पेन्सिल आणि शाई दाखवली. तिने पानाचा फोटो काढला. लांब्याचं नाव पुरावा असलेल्यांच्या यादीतून निघून नुसत्या 'बेपत्ता' मध्ये गेलं. पलीकडे जाणाऱ्यांत वहिनींचं नाव राहिलं नाही. त्यांनी पर्समधून पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला.

"हा तुमचाच आहे हो, परत द्यायचा नसतो," ती बाई म्हणाली.

"असं का," म्हणून वहिनींनी तो परत पर्समध्ये ठेवला. "जुन्या फाईलमध्ये आणखी काही आहे का ते बघाल?"

"गोदामातून मागवावी लागेल. आठवडा तरी."

संध्याकाळी सचिवांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आधी नाही का सांगायचं? मजकूर छपाईला गेला." आणि दारापर्यंत सोडायला आले तेव्हा हळूच, "कर्णे मात्र कायम ना?"

शुक्रवार, २१

कर्णे कायम. मी पडद्यामागे अॅम्प्लिफायरपाशी खाली बसलो. समोर काय चाललंय ते दिसत नव्हतं. बरं झालं.

सचिवांनी नावं वाचायला वहिनींना बोलावलं. कोणी सुचवलं माहीत नाही. मी नाही. आधी कैद होऊन परत आलेले, मग बेपत्ता. त्यांनी चाळीस नावं सावकाश वाचली, प्रत्येकानंतर श्वास घेण्याएवढं थांबून. गर्दीतून दोन-तीन म्हाताऱ्यांनी "हजर" म्हटलं. बेपत्तांमध्ये लांब्याचं नाव तिसरं. तिथे त्यांचा आवाज खाली गेला. मी बटण थोडं फिरवून वाढवला. तेवढंच.

नंतर लोक बाजूने गेले. काहींना कळलं होतं, त्यांनी मान वळवली. काहींना कळलं नव्हतं, त्यांनी पाठीवर थाप मारली. थाप जास्त लागली.

सोमवार, २४

वहिनी दुकानात आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. हातात फाईलमधल्या एका कागदाची प्रत.

"वाचा. मोठ्याने वाचा, तुम्हाला सवय आहे."

दुकानात गिऱ्हाईक होतं. मी वाचलं. लढाई थांबून महिना झाल्यावर टेकडीच्या उतारावर काही देह सापडले. त्यातल्या एकाच्या गळ्यात लांब्याच्या नंबरची पट्टी होती. तुकडीचा माणूस ती पट्टी घेऊन घरी गेला. आईने घेतली नाही. मुलाचं नाव त्यानंतरच्या तारखेला रेडिओवर वाचलं गेलं आहे, ऐकणाऱ्याबद्दल आपली खात्री आहे, तेव्हा ही पट्टी दुसऱ्या कोणाच्या गळ्यात चुकून गेली असेल, असं तिने सांगितलं. ऐकणाऱ्याकडे चौकशी केली, त्याने दुजोरा दिला. सबब देहाची नोंद 'अनोळखी' अशी करून तिथेच अंत्यविधी उरकला.

"मी त्या आठवड्यात पुन्हा माहेरी गेले होते," वहिनी म्हणाल्या. "मास्तरांना नाही म्हणून सांगायला. सासूबाई मला यातलं कधी काही बोलल्या नाहीत."

"आता नाव लावतील का तिथे?"

"अर्ज केलाय. टेकडी आपल्या हद्दीत आहे, पासपोर्ट लागत नाही." त्यांनी हात पुढे केला, मी कागद परत दिला. पायरी उतरताना त्यांनी कठडा धरला.

त्या गेल्यावर लक्षात आलं, तो निवृत्त अधिकारी खरंच सांगत होता. लष्कराच्या कागदांत माझा उल्लेख आहे. नाव नाही. 'रेडिओ दुरुस्त करणारा एक इसम' एवढंच लिहिलंय.